सही करण्याआधी: केबिन क्रूच्या स्वतंत्र करारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोवीस वर्षं केबिन क्रू म्हणून उडले. त्यातली नऊ वर्षं युनियनच्या कमिटीवर होते. आता वेंगुर्ल्याला घरी असते आणि गेले दोन महिने फोन खाली ठेवायला फुरसत नाही. कुडाळ, देवगड, गुहागर, श्रीवर्धन, पनवेल, सगळीकडून फोन येतात. अर्धे पोरापोरींचे, अर्धे त्यांच्या आईवडिलांचे. एका विमान कंपनीने आपल्या केबिन क्रूला एकेकट्याने सही करायचे स्वतंत्र करार पाठवलेत आणि युनियनने त्यांना विरोध केलाय. कंपनीचं नाव इथे घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. मी वकील नाही, पण कामगार आयुक्तांच्या ऑफिसातल्या बाकांवर बरेच तास काढलेत.

नेमकं झालंय काय?

आजवर पगार, भत्ते, रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक), सुट्ट्या हे सगळं युनियन आणि कंपनी यांच्यातल्या सामूहिक करारानुसार चालत होतं. त्याची मुदत संपली. नवा करार करण्याऐवजी कंपनीने प्रत्येकाच्या ईमेलवर एक पीडीएफ पाठवली: पंधरा दिवसांत ओटीपी टाकून मान्यता द्या. युनियनला पत्र नाही, बैठक नाही. मग एचआरचे फोन सुरू झाले, तेही एकेकाला, लेओव्हरला हॉटेलवर असताना.

सामूहिक आणि स्वतंत्र करारात फरक काय? शेवटी दोन्ही कागदच ना?

कोकणातल्या माणसाला हे समजावायला मला रापण बरी पडते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. ती ओढायला दोन्ही टोकांना पंचवीस-तीस माणसं लागतात, आणि मासळी आली की वाट्यांचा हिशोब आधीच ठरलेला असतो. किनाऱ्यावर उभं राहून कोणी एकेकाच्या कानात "तुका किती होये?" असं विचारत नाही. विचारायला लागला तर दोरी सुटलीच.

दुसरं उदाहरण जुनं आणि कडू आहे. खोतीच्या काळात खोत, म्हणजे गावच्या जमिनींवर हक्क सांगणारा वतनदार, कुळाकडून कबुलायत (जमीन कसायच्या अटींचा कागद) लिहून घ्यायचा, एकेका कुळाकडून वेगळी. कागदावर ती दोघांच्या मर्जीचीच असायची. कुळाने अंगठा दिला, खोताने जमीन दिली. पण एकट्या कुळाने "हे कलम नको" म्हटलं तर खोत दुसरं कुळ बघायचा. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांच्या जमिनी कसायच्याच सोडल्या. करवंदं, लाकूडफाटा विकून, मजुरी करून त्यांनी दिवस काढले, पण सहाएक वर्षं नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला 1949 उजाडलं. सगळे एकत्र थांबले म्हणून तो कागद बदलला.

विमान कंपनी म्हणजे खोत, असं मी म्हणत नाही. खोत रोस्टर तरी काढत नव्हता.

कायद्याच्या भाषेत फरक असा. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे कामगार-मालक वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, झालेला सामूहिक करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. युनियनचे सदस्य नसलेल्यांना, उद्या भरती होणाऱ्यांनाही. स्वतंत्र करार फक्त तुमचा आणि कंपनीचा. पुढच्या वर्षी त्यातला एक शब्द बदलायचा झाला तर समोरच्या खुर्चीत कंपनीची अख्खी कायदेशीर टीम बसणार आणि या बाजूला तुम्ही एकटे, तेही बहुधा पहाटेच्या फ्लाइटवरून उतरलेले.

पण त्यात पगार वाढतोय! मग विरोध कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्तही. पहिली पीडीएफ गोडच असते.

केबिन क्रूचा पगार दोन भागांत येतो, हे घरच्यांना बऱ्याचदा माहीत नसतं. एक ठरावीक रक्कम आणि दुसरा तासांवरचा फ्लाइंग अलाउन्स. हे तास म्हणजे ड्युटीचे तास नव्हेत. विमानाच्या चाकांखालचे चोक्स काढल्यापासून परत लावेपर्यंतचे तेवढेच. पिक-अपची गाडी दारात येते तेव्हापासूनचा वेळ, ब्रीफिंग, धुक्यात अडकून दारं उघडी ठेवून बसलेले दोन तास, टर्नअराउंडची, म्हणजे दोन फ्लाइटमधली, साफसफाई, हे सगळं त्यात धरत नाहीत. म्हणून सामूहिक करारात 'हमीचे तास' असतात. तुम्ही कमी उडालात तरी अमुक तासांचे पैसे मिळणारच.

एक हिशोब करू. आकडे माझ्या मनातले आहेत. जुन्या पद्धतीत बेसिक 22,000, तासाला 350 आणि 65 तासांची हमी. नव्या करारात बेसिक 27,000, तासाला 400, हमी नाही. महिन्यात 75 तास उडालात तर जुने 48,250 आणि नवे 57,000. कोण नाही म्हणेल? आता इंजिनं मिळत नाहीत म्हणून विमानं जमिनीवर उभी राहिली, तुमच्या वाट्याला 30 तासच आले. जुन्यात हमीमुळे 44,750 मिळतात, नव्यात 39,000. मुंबईतलं पेइंग गेस्टचं भाडं मात्र तेवढंच राहतं.

शिवाय किती तास द्यायचे हे कोण ठरवतं? रोस्टर काढणारा. ज्याने सही केली त्याला चांगले सेक्टर (उड्डाणाचे मार्ग) आणि ज्याने तोंड उघडलं त्याला महिनाभर स्टँडबाय, म्हणजे तयार राहून बोलावण्याची वाट बघायची, असं करायला नव्या करारात कुणालाच आडकाठी नाही. पगारवाढ पीडीएफच्या पहिल्या पानावर असते. हमीचे तास गायब झालेत हे कळायला अकरावं पान वाचावं लागतं.

पाहिलं काय पाहिजे त्या पीडीएफमध्ये?

हमीचे तास सांगून झाले. त्यानंतर मुदत बघा. 'तीन वर्षांसाठी' असं लिहिलं असेल तर तो निश्चित मुदतीचा करार आहे. कायदा म्हणतो की अशा कामगाराला तेच काम करणाऱ्या कायम कामगाराएवढेच पगार-भत्ते मिळाले पाहिजेत, आणि नव्या कामगार संहितेत वर्षभर नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचाही हक्क आहे. हे चांगलं आहे. पण मुदत संपून नोकरी गेली तर ती 'कामगार कपात' धरत नाहीत, म्हणजे कपातीची भरपाईही नाही. कारणही द्यावं लागत नाही, नुसतं नूतनीकरण करायचं नाही, झालं. कायम असलेल्या माणसाने या कागदावर सही करणं म्हणजे पक्कं घर सोडून अकरा महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सवर राहायला जाणं.

मग बेसचं कलम. बेस म्हणजे जिथून तुमची ड्युटी सुरू होते ते शहर. 'कंपनी ठरवेल त्या ठिकाणी' एवढंच असेल तर थांबा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागल्यावर पनवेल-उरणच्या पोरींना वाटलं, आता घरून ड्युटी. एकीने तर रिक्षाचं भाडंही काढून ठेवलं होतं. त्या कलमाखाली तिला उद्या गुवाहाटी बेस देता येतो, आणि बदलीचा भत्ता, सीनियॉरिटी, नकाराचा हक्क यातलं काहीच लिहिलेलं नाही.

शेवटी 'कंपनीची वेळोवेळी बदलणारी धोरणं लागू राहतील' हे वाक्य शोधा. ते असेल तर बाकीची पानं वाचण्यात फारसा अर्थ नाही, कारण तुम्ही आज न लिहिलेल्या गोष्टींवरही सही करताय.

सही केली नाही तर काढून टाकतील?

फोनवर एचआर तसं सूचित करतं, लेखी मात्र देत नाही. लेखी मागा.

पाहा, सामूहिक कराराची मुदत संपली म्हणजे तो मेला असं होत नाही. 1980 साली एलआयसीच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की नवा करार येईपर्यंत जुन्याच्या अटी चालू राहतात. पगार, भत्ते, कामाचे तास, रजा अशा गोष्टींत कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर आधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आणि प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे चालू असताना वादातल्या सेवाशर्ती कामगाराच्या नुकसानीत परस्पर बदलता येत नाहीत. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करायला नकार देणं, युनियनमध्ये गेलात म्हणून धमकावणं, या अनुचित कामगार प्रथा आहेत.

याचा अर्थ कोणालाच त्रास होणार नाही असा नाही. त्रास होतो. स्टँडबाय लागतं, ग्रूमिंगवरून रिमार्क येतात, लिपस्टिकची शेड अचानक चुकीची ठरते. पण नोकरी जाणं आणि त्रास होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या भीतीने दुसरी सहन करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी तर सही करून बसले. आता?

रडू नकोस. ओटीपी टाकून 'मान्य' दाबणं ही सहीच धरतात, हे खरं. पण दबावाखाली किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती रद्द करून घेता येते. त्यासाठी वेळ घालवायचा नसतो. कोणी, कधी फोन केला, काय म्हटलं हे तारखेसकट आजच लिहून काढ आणि युनियनला दे. सही केलेल्यांना युनियनने वाळीत टाकू नये, हे मी कमिटीलाही सांगितलंय. घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाने सही केली तर त्याला फितूर म्हणणं सोपं आहे.

ट्रेनिंगचा बाँड आहे. सोडलं तर लाखो रुपये भरावे लागतील?

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. नोकरीत असतानाचा बाँड मात्र वाजवी असेल तर टिकतो. 2025 मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. म्हणून आकडा आणि मुदत दोन्ही बघा, आणि ट्रेनिंगवर खरोखर किती खर्च झाला ते विचारा.

आम्हाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. आम्ही कामगार कसे?

हुद्द्याच्या नावाने काही ठरत नाही, काम काय करता त्यावर ठरतं. चहा देणं हा आपल्या कामाचा दिसणारा भाग. विमानात क्रू असतो तो नियमाने, पन्नास आसनांमागे किमान एक. म्हणून एटीआरसारख्या छोट्या विमानात दोघं आणि 180 सीटच्या एअरबसमध्ये चौघं. दारं उघडणं, आग विझवणं, दीड मिनिटात विमान रिकामं करण्याचा सराव, हे आपलं काम आहे. कुणाला कामावर ठेवणं-काढणं आपल्या हातात नसतं. एवढ्या सगळ्यावर 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलेला बिल्ला लावला म्हणून माणूस व्यवस्थापक होत नाही.

युनियन म्हणजे संप. गिरण्यांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

हा प्रश्न वडील विचारतात, आणि आवाज खाली जातो. कणकवलीच्या एका गृहस्थांनी मला सरळ सांगितलं, "चेडवाक सांगलंय, सही कर नि गप रव. कंपनी मोठी, आपण ल्हान." त्यांना मी काही बोलले नाही. माझे बाबा लोअर परळच्या गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. आमच्या घरी तो संपला तो बाबा ट्रंक घेऊन गावी उतरले त्या दिवशी. त्या वर्षी आमच्याकडे गणपती दीड दिवसाचाच झाला.

म्हणून भीती मला समजते. पण त्या संपाचं मूळ काय होतं हे आपल्याकडे कमी बोललं जातं. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त प्रतिनिधी संघटना असायची आणि करार करायचा हक्क फक्त तिला. कामगारांना ती आपली वाटत नव्हती, बोनसचा निर्णय त्यांना पटला नाही, ते दत्ता सामंत या कामगार नेत्याकडे गेले. सामंतांशी बोलायला मालकांवर कायद्याचं बंधन नव्हतं. म्हणजे लाखो लोकांच्या वतीने बोलणारा माणूस टेबलावर बसूच शकत नव्हता. मला त्यातून जे दिसतं ते असं की बोलणी बंद झाली की गोष्टी संपापर्यंत जातात. आजचे स्वतंत्र करार बोलणीच बंद करतायत.

आताच्या संहितेत 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता मिळते. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते, आणि किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्यांना तिच्यात जागा मिळते. म्हणून सदस्यत्वाचा फॉर्म भरणं हे संपापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे. आणि तो भरायला गेट मीटिंग लागत नाही.

सगळ्यांनी एकदम सिक लीव्ह टाकली तर?

नका टाकू. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूने मोठ्या संख्येने आजारपणाची रजा टाकली, डझनावारी उड्डाणं रद्द झाली, कंपनीने 25 जणांना काढलं. 9 मे रोजी दिल्लीत मुख्य श्रम आयुक्तांसमोर बोलणी झाली, क्रू कामावर परतला आणि काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं. तेव्हा निभावलं. आताच्या संहितेत मात्र 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेणं हाही संपच आहे, आणि संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. शिवाय खरोखर ताप आलेल्या मुलीवर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही.

तक्रार कुठे करायची? सिंधुदुर्गनगरीला?

नाही. विमान वाहतूक केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते, त्यामुळे राज्याच्या कामगार कार्यालयात खेटे घालू नका. केंद्राचे श्रम आयुक्त मुंबईत बसतात. युनियनमार्फत जा.

युनियनच नेहमी बरोबर असते का?

नसते. आणि हे मी लिहितेय म्हणून कमिटीतले काही जुने मित्र रागावतील.

आधी चांगली बाजू. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना एकेकाळी 35 व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांच्या आत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागायची. 1981 मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि 35 नंतर मुदतवाढ द्यायचा व्यवस्थापकीय संचालकांचा मनमानी अधिकार रद्द केला. लग्नाची चार वर्षांची अट मात्र टिकली. तेव्हा सोबतचे पुरुष 58 पर्यंत नोकरीत राहायचे.

आता दुसरी बाजू. बायकांचं उडणं 50 व्या वर्षी थांबवून त्यांना जमिनीवरचं काम द्यायचं, पुरुषांनी 58 पर्यंत उडायचं, ही व्यवस्था 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. टिकली ती बरीचशी युनियनबरोबरच्या करारांच्या आधारावर. त्याच कामातल्या बायका विरोधात उभ्या होत्या. नंतर बायकांनाही इन-फ्लाइट सुपरवायझर होता येईल असं कंपनीने ठरवलं, तर पुरुष सहकारी आणि संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 2011 मध्ये हरल्या. सामूहिक कराराच्या टेबलावर कोण बसलंय हे म्हणून बघायचं. कमिटीत तुमच्या वयाची, तुमच्या बेसची बाई नसेल तर निवडणुकीला उभ्या राहा. त्यावर उपाय म्हणून एकटीने कंपनीशी करार करणं मला तरी पटत नाही.

परदेशात सगळीकडे असेच करार असतात म्हणे?

असतात, आणि तिथेही भांडणं झालीत. न्यूझीलंडने 1991 मध्ये कायदाच केला आणि स्वतंत्र करारांना मोकळं रान दिलं. काही वर्षांत युनियन सदस्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, 2000 मध्ये तो कायदा बदलला. ऑस्ट्रेलियाने असे करार 1996 च्या कायद्याने आणले, 2008 मध्ये नवे करणं बंद केलं. युरोपात रायनएअर आपल्या क्रूला आयर्लंडच्या कायद्याखालचे करार द्यायची, काम बेल्जियममध्ये असलं तरी. सप्टेंबर 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की जिथून माणूस प्रत्यक्ष काम करतो तिथल्या कोर्टात त्याला दाद मागता येऊ शकते, आणि त्याच डिसेंबरात कंपनी युनियनना मान्यता द्यायला तयार झाली.

हाँगकाँगचं वेगळं. ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविडमध्ये विमानं उभी असताना, कॅथे पॅसिफिकने हजारो नोकऱ्या कमी केल्या आणि उरलेल्या क्रूपुढे कमी पगाराचे नवे करार ठेवले. मुदत दोनेक आठवड्यांची. युनियनने विरोध केला, पण बहुतेकांनी सह्या केल्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

आखातातल्या कंपनीची ऑफर आहे, तिथे युनियन असते का?

अमिरातीत नसते. तिथला करार हाच तुमचा कायदा, त्यामुळे तो दोनदा वाचा. राहायची जागा कंपनीची असेल तर नोकरी गेल्यावर किती दिवसांत खोली सोडायची तेही बघा.

मुलगी सांगते सगळं ठीक आहे. खरंच ठीक आहे का?

माहीत नाही हो काका. मीसुद्धा आईला सगळं ठीक आहे असंच सांगायचे.

गणपतीची सुट्टी मिळेल का?

हसू नका, निम्मे फोन शेवटी इथेच येतात. जुन्या सामूहिक करारात सणाच्या रजेचा फेरा होता. गणपती, दिवाळी, नाताळ, ईद यांतला एक सण मागायचा, ज्याला गेल्या वर्षी मिळाली तो या वर्षी मागे. गोव्याकडची पोरं नाताळ घ्यायची, आम्ही चतुर्थी, आणि अदलाबदल आपापसांत व्हायची. मला चोवीस वर्षांत चौदा गणपती मिळाले. उरलेल्या दहांपैकी एक मी दोह्याच्या हॉटेलात व्हिडिओ कॉलवर आरती म्हणून काढला, नेटवर्क 'सुखकर्ता'लाच तुटलं.

नव्या पीडीएफमध्ये रजेचं कलम एका ओळीचं आहे: 'कामकाजाच्या गरजेनुसार, व्यवस्थापनाच्या मर्जीने'. फेरा नाही. युनियनने समेट अधिकाऱ्यापुढे दिलेल्या मागण्यांत हा फेरा परत आणण्याची मागणी सातव्या क्रमांकावर आहे. मी ती वर घ्या म्हणून सांगितलंय.